घरभाड्याचा ‘नवा कायदा’ आला म्हणतात, मग सांगलीच्या घरमालकानं आणि एजंटानं काय करायचं?

विचारणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक आहेत. विश्रामबागेत दुमजली घर. वरच्या चार खोल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना दिलेल्या, खाली एका बँक कर्मचाऱ्याचं बिऱ्हाड. शिवाय गावभागात वडिलार्जित वाडा, त्यात महिना ऐंशी रुपये भाड्याचा जुना भाडेकरू. त्यांना मोबाइलवर मेसेज आला की घरभाड्याचा नवा कायदा लागू झालाय, दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेतलं तर गुन्हा, साठ दिवसांत करार नोंदवला नाही तर पाच हजार दंड. प्रश्न तीन: हे खरं का? आता जुना भाडेकरू निघेल का? आणि खोल्या देण्याघेण्याची एजन्सी चालवणाऱ्या त्यांच्या भाच्याचं काय होणार? शेवटी एक वाक्य जोडलंय, “नाहीतर खोल्या रिकाम्या ठेवलेल्या बऱ्या.”

मी सांगली-मिरजेत भाडेकरार करून देण्याचं आणि भाडेकरू मिळवून देण्याचं काम बरीच वर्षं करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सर, आधी मेसेजचं बघू. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि साठ दिवस ही भाषा केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला २ जून २०२१ रोजी मंजुरी दिली आणि तो राज्यांकडं धाडला. घरभाडं हा राज्याचा विषय. राज्याच्या विधिमंडळानं तो मंजूर केल्याशिवाय तो नुसता नमुना. उत्तर प्रदेश, आसाम, आंध्र, तमिळनाडू यांनी त्या धर्तीवर आपापले कायदे बदलले. महाराष्ट्रात मात्र ३१ मार्च २००० पासून लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हाच चालतो, आणि त्यात डिपॉझिटवर मर्यादा नाही. उलट कलम ५६ नं डिपॉझिट, प्रीमियम घ्यायला मोकळीक दिलेली आहे. तेव्हा तीन महिन्यांचं डिपॉझिट घेतलंत म्हणून कुणी तुमच्या दारात येणार नाही.

मात्र पाच हजारांचा दंड ऐकून “असलं काही नसतं” असं म्हणू नका. तो आहे, आणि नवा नाही. याच १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाडेपट्टा असो वा लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी), करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या कलमाखाली घरमालकाला आत गेलेला मी बघितलेला नाही. खरी मेख त्याच कलमात पुढं आहे. नोंदणीकृत करार नसेल तर कुठल्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच ग्राह्य धरायचं, घरमालक उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे उद्या त्यानं सांगितलं, “भाडं पाच हजार ठरलं होतं, डिपॉझिट एक लाख दिलंय आणि हवी तितकी वर्षं राहा म्हणाले होते,” तर ते खोटं पाडायचं ओझं तुमच्या डोक्यावर.

तुमच्याकडं काय आहे? तुम्ही लिहिलंय, “अकरा महिन्यांचा नोटरी करार.” सांगलीत निम्म्याहून जास्त घरमालकांकडं हेच असतं असा माझा अंदाज. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही हा समज १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलाय, आणि जिथं फक्त तोच कायदा आहे तिथं तो बरोबरही आहे. महाराष्ट्रात कलम ५५ नं ही पळवाट बुजवली. अकरा महिने असोत, तीन असोत, नोंदणी लागतेच. तरी कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले टायपिस्ट अजून ‘अकरा महिने’ म्हणून छापून देतात आणि लोक शिक्का बघून निर्धास्त होतात.

खर्चाचं म्हणाल तर हिशोब करून दाखवतो. खालच्या बिऱ्हाडाचं भाडं ८,००० धरा, डिपॉझिट ३०,०००. अकरा महिन्यांचं भाडं झालं ८८,०००. परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरतात, ते अकरा महिन्यांचं २,७५०. बेरीज ९०,७५०. तिच्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. वरच्या शंभरात नेलं तरी तीनशे. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यावर कागद हाताळणीचं किरकोळ शुल्क आणि करून देणाऱ्याची मजुरी. आता नोटरीचं बघा. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प गेला, पाचशेचा आला. त्यावर नोटरीची फी, टायपिंग, झेरॉक्स. फरक उरतो एक-दोन दिवसांच्या भाड्याएवढा, आणि तेवढ्यासाठी लोक निरुपयोगी कागद घेऊन घरी जातात.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा खरा फायदा कलम २४ मध्ये आहे. राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर सोडली नाही, तर दिवाणी दाव्याच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे याच कामासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, अर्ज करायचा. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत भाडेकरूनं प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मिळवली नाही तर मामला तिथंच संपतो. मुदतीनंतर बसून राहिल्याबद्दल ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दरानं भरपाई. लेखी करारात जे लिहिलंय ते निर्णायक पुरावा, तोंडी गोष्टींना जागा नाही. गैरसोय एकच: पुणे विभागाचं हे कार्यालय पुण्यात, म्हणजे तारखेला पहाटेची गाडी पकडायची. तरीही वर्षानुवर्षं चालणाऱ्या दाव्यापेक्षा परवडतं.

एक लक्षात ठेवा, हा रस्ता फक्त राहत्या जागेला. मारुती रोडवरचा गाळा लिव्ह अँड लायसन्सवर दिला आणि दुकानदार हलेना, तर कलम २४ कामाला येत नाही, दिवाणी कोर्टातच जावं लागतं. घराच्या करारात ‘दुकान’ शब्द घालून तोच कागद गाळ्याला वापरणारे आमच्या धंद्यात कमी नाहीत.

आता समजा महाराष्ट्रानं उद्या आदर्श कायदा घेतला, तर काय बदलेल? राहत्या घराला दोन महिन्यांचं डिपॉझिट, इतर जागेला सहा महिन्यांचं. करार झाल्यापासून दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला कळवायचं. हा अधिकारी उपजिल्हाधिकारी दर्जाचा, जिल्ह्यातच. त्याच्यावर भाडे न्यायालय, त्याच्यावर न्यायाधिकरण. घरात शिरायचं तर चोवीस तास आधी कळवायचं. भाडं वाढवायचं तर तीन महिने आधी लेखी सूचना. मुदत संपूनही भाडेकरू बसला तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं आणि पुढं चौपट.

यातलं जिल्ह्यात प्राधिकरण हे कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. सांगलीच्या माणसाला भाडेकरूच्या भांडणासाठी पुण्याला जावं लागू नये, एवढी एक गोष्ट झाली तरी भरून पावलो. डिपॉझिटच्या मर्यादेबद्दल मात्र माझं मत अनेकांपेक्षा वेगळं आहे. सांगलीत राहत्या घराला बहुतेक ठिकाणी दोन-चार महिन्यांचंच डिपॉझिट चालतं, त्यामुळं मुंबईवाल्यांसारखी इथं हाय खायचं कारण नाही. झळ बसेल ती ‘हेवी डिपॉझिट’वाल्यांना. चार-पाच लाख घ्यायचे, भाडं घ्यायचं नाही, त्या पैशात मुलीचं लग्न किंवा ट्रॅक्टरचा हप्ता भागवायचा आणि तीन वर्षांनी तेवढेच पैसे परत करायचे, हा व्यवहार आपल्याकडं भरपूर चालतो. मर्यादा आली की तो एकतर बंद पडेल नाहीतर चिठ्ठीवर जाईल. चिठ्ठीवर जाईल असं मला वाटतं, आणि तिथं भाडेकरूचेच पैसे बुडतील.

दुसरी झळ अशी की डिपॉझिट कमी झालं की घरमालक माणूस जास्त पारखून घेतो. ‘फक्त शाकाहारी’, ‘फॅमिलीलाच’, ‘नोकरदारालाच’ या पाट्या आजही आहेत. एकट्या बाईला किंवा परधर्माच्या कुटुंबाला मिरजेतसुद्धा घर मिळवून देताना माझी किती पायपीट होते ते मला ठाऊक. आदर्श कायदा यावर गप्प आहे.

सांगलीकरांनी त्या मसुद्यातलं पुराचं कलम मात्र जरूर वाचावं. कराराची मुदत संपतेवेळी पूर, आग, भूकंप असं संकट असेल तर ते ओसरल्यापासून एक महिना भाडेकरूला त्याच अटींवर राहू द्यायचं. शिवाय जागा राहण्यासारखी उरली नाही आणि मालकानं दुरुस्ती केली नाही, तर पंधरा दिवसांची सूचना देऊन भाडेकरू घर सोडू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. त्यानंतर गावभाग, खणभाग, मारुती चौक या पट्ट्यातली जी भांडणं माझ्याकडं आली, ती सगळी एका मुद्द्यावर होती: गाळ काढायचा कुणी, रंग कुणाचा आणि रिकामं राहिलेल्या महिन्याचं भाडं द्यायचं की नाही. करारात एक ओळ नव्हती. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा ज्यांच्या करारात ओळ होती त्यांचं अर्ध्या तासात मिटलं.

तेव्हापासून नदीकाठच्या तळमजल्याच्या प्रत्येक करारात मी एक परिच्छेद घालतो. पुराचं पाणी घरात शिरल्याच्या तारखेपासून घर धुऊन, वाळवून, लाइट तपासून पुन्हा ताब्यात देईपर्यंत भाडं बंद. भिंती, वायरिंग, मोटर मालकाची. फ्रिज, कपाट, गाद्या भाडेकरूच्या. प्रशासनानं घर सोडायला सांगितलं की चावी कुणाकडं ठेवायची, तेही. कायद्यानं सांगायची वाट बघू नका, दोघांची सही असली की झालं.

तुमच्या वाड्यातल्या भाडेकरूचं. सर, इथं तुमची निराशा होणार. आदर्श कायदा पुढच्या करारांना आहे, जुन्या भाडेकरूंना तो हात लावत नाही. आजच्या कायद्यात तो ठरलेलं भाडं देतोय तोवर त्याला संरक्षण आहे. भाडेवाढ वर्षाला चार टक्के, म्हणजे तुमच्या ऐंशीवर तीन रुपये वीस पैसे. तो गेला तरी त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडं हक्क जातो. तरीही दरवर्षीची वाढ लेखी मागत राहा आणि भाड्याची पावती द्या. पावती देणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि ती नीट दिलेली असली की थकबाकीचा मुद्दा काढायची वेळ येते तेव्हा तुमचाच कागद बोलतो.

जागा परत मिळवायला कलम १६ मध्ये कारणं दिलेली आहेत. स्वतःला किंवा कुटुंबाला खरीखुरी गरज, पोटभाडेकरू ठेवणं, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, सहा महिने सलग विनाकारण जागा बंद ठेवणं. थकबाकीसाठी आधी लेखी मागणीची नोटीस, नव्वद दिवस थांबायचं, मगच दावा. गरजेच्या कारणाला कोर्ट दोन्हीकडची अडचण तोलून बघतं. तुमचं विश्रामबागेत मोठं घर असताना “मला वाड्यातली खोली हवी” हे टिकणं अवघड. पण तुम्ही लिहिलंय की भाडेकरूची मुलं पुण्याला स्थायिक आहेत आणि खोलीला बहुतेक कुलूपच असतं. मग वापर नसल्याच्या मुद्द्यावर वकिलाशी बोला, लाइट बिलाचा वापर किती युनिट येतो ते आधी गोळा करा. आणि कोर्टात जायच्या आधी त्यांच्याशी एकदा चहावर बसा. जुने वाडे बहुधा निकालानं मोकळे होत नाहीत, तडजोडीच्या रकमेवर होतात.

पाणी तोडणं, जिन्याला कुलूप लावणं हे उद्योग मात्र चुकूनही करू नका. कलम २९ खाली तो गुन्हा आहे, आणि एकदा तसं केलंत की बाकीचं सगळं बरोबर असूनही कोर्टात तुम्हीच खाली मान घालून उभे राहाल.

आता भाच्याचं. एजंटांमध्ये दोन भीती फिरतायत. पहिली, रेरा. २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डर आणि त्यांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, खरेदी-विक्री करून देणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची करतो, आणि महारेरानं (त्याच कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणानं) २०२३ पासून त्यांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली. निव्वळ भाड्याचं काम करणाऱ्याला ती नोंदणी लागत नाही. पण कुपवाड रोडला नव्या स्कीमचा एखादा फ्लॅटही विकून देत असेल, तर लागते. आपल्याकडं कोण निव्वळ भाड्याचंच काम करतो? त्यानं नोंदणी करून टाकावी.

दुसरी भीती, घर शोधून द्यायचं काम मोबाइलनं खाल्लं. हे खरं आहे. फोटो टाकला की पोरं थेट मालकाला फोन लावतात. एका बाजूनं अर्ध्या-एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली मिळवायची आणि किल्ली देऊन मोकळं व्हायचं, हा धंदा आटत चाललाय आणि त्याला कायदा कारण नाही. पण कागदाचं आणि पुढच्या देखभालीचं काम वाढतंय. ऑनलाइन नोंदणी आली तेव्हा दलाल संपले असं म्हणत होते. प्रत्यक्षात अंगठा घ्यायचं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन घरी जाणारा माणूस लोकांना हवाच झाला. मालक विश्रामबागेत, विद्यार्थ्याचे वडील आटपाडीत. ते ऊसतोडीच्या हंगामात येऊ शकत नाहीत, मग आपण जायचं. आयुष्यभर विळा-कोयता धरलेल्या माणसाचा अंगठा यंत्र पहिल्या खेपेला घेत नाही. साबणानं हात धुवायला लावायचे, पुसून कोरडे करायचे, उजवा नाही तर डावा, अंगठा नाही तर तर्जनी. या कामाला कुणी ॲप निघालेलं नाही.

आदर्श कायद्यात तर मालमत्ता व्यवस्थापकाला स्वतंत्र जागा दिलीय. मालकानं त्याचं नाव, त्याला काय अधिकार दिले आणि कशासाठी, हे भाडेकरूला लेखी कळवायचं. त्यानं पावती देऊन भाडं गोळा करायचं, आवश्यक दुरुस्त्या करायच्या, वेळोवेळी जागा बघायची, भांडण मिटवायला मदत करायची. कर्तव्य चुकला तर भाडे न्यायालय त्याला काढू शकतं, नुकसानही भरून घेऊ शकतं. म्हणजे मान मिळेल, आणि त्यासोबत जबाबदारीही. पुणे-बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलांची घरं सांगलीत बंद पडलीत. त्यांना दर महिन्याला भाडं खात्यात आणि नळ गळला तर प्लंबर हवा असतो. भाच्यानं आजच त्यांच्याशी लेखी करार करावा: महिन्याला भाड्याच्या इतके टक्के, त्यात काय काय, दुरुस्तीला कितीपर्यंत न विचारता खर्च. तोंडी ‘बघून घेतो’वर चालवलं तर पहिल्याच गळतीला मालक आणि भाडेकरू दोघंही त्याच्या अंगावर येतात.

मिरजेला पेशंटच्या नातेवाइकांना आठवड्या-पंधरवड्यासाठी खोल्या देणाऱ्यांचा प्रकार वेगळा. तिथं खोलीचं भाडं कमी आणि सोयीचे पैसे जास्त असतात. ते लॉजसारखंच चालवायचं असेल तर त्याचे परवाने बघावेत, घरभाड्याचा कागद तिथं ओढूनताणून बसवू नये.

कराचं दोन ओळींत. घरभाड्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि २०२४-२५ पासून राहत्या घराचं भाडं धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. गणपती पेठेत गाळा असेल, मालकाकडं जीएसटी नंबर नसेल आणि दुकानदाराकडं असेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के जीएसटी दुकानदारानं भरायचाय, कंपोझिशनवाले (ठोक दरानं जीएसटी भरणारे छोटे व्यापारी) वगळून. करारात हे लिहिलेलं नसलं की पहिल्या ऑडिटला भांडण ठरलेलं.

पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देणं हा वेगळा विषय. जिल्ह्यात तसा आदेश लागू असतो तेव्हा ती द्यावीच लागते. ऑनलाइन भरता येते, पोच जपून ठेवा. ती परवानगी नसते आणि करारही नसतो. काही जण तेवढी पोच दाखवून “आमचं सगळं नोंदणीकृत आहे” म्हणतात.

राहिला तुमचा रिकाम्या खोल्यांचा विचार. चार खोल्या बंद ठेवून घरपट्टी काही कमी होणार नाही, आणि दोन पावसाळ्यांत ओल धरेल. वरच्या खोल्यांचं असं करा. पोरं बदलत राहतात म्हणून खोलीगणिक वेगळा करार करा, चौघांचा एकत्र करू नका. एक निघून गेला की बाकीचे त्याचं भाडं द्यायला नाकारतात. मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याची सही चालत नाही, करार वडिलांच्या किंवा आईच्या नावानं करून मुलाचं नाव राहणारा म्हणून घाला. महावितरणचं रीडिंग पहिल्या दिवशी दोघांसमोर घेऊन करारात आकडा लिहा. गिझर, पंखे, कॉट यांचे फोटो काढून त्या पोराच्याच मोबाइलवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप राहते. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार असाल तर किती, ते आत्ताच लिहा, कारण सोडताना होणारी निम्मी भांडणं रंगावरूनच होतात.

खालच्या बँकवाल्यांचा नोटरी करार जानेवारीत संपतोय असं तुम्ही म्हणता. तोवर थांबू नका. माणूस चांगला आहे, भाडं वेळेवर देतो, मग याच महिन्यात त्यांना बसवून नवा नोंदणीकृत करार करा. साठ महिन्यांपर्यंत तोच पाव टक्का दर लागतो, तेव्हा तीन वर्षांचा करा आणि दरवर्षीची वाढ त्यातच लिहून टाका. त्यांनाही बदली झाली तर एक महिन्याच्या सूचनेवर सोडता येईल अशी अट घाला. बँकेतला माणूस ती अट नसेल तर सही करणार नाही.